दाखवणारा आणि पाहणारे : मराठी पक्षिलेखनातील निर्देशाचा प्रश्न

प्रास्ताविक

पक्षिनिरीक्षण ही एकट्याने करावयाची साधना आहे, अशी मराठी वाचकाची समजूत पक्की झालेली दिसते. अरण्य, तळ्याचा काठ, पहाटेचे धुके आणि त्यात एकटा उभा असलेला निवेदक हे चित्र आपल्या निसर्गलेखनाने इतक्या वेळा रेखाटले आहे की दुसरे चित्र सुचू नये. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य पक्षिमित्र एखाद्या लहान गटातच पक्षी पाहावयास शिकले. रविवारची पहाट, आठ-दहा माणसे, त्यांत दोन-तीन दुर्बिणी, आणि चार पावले पुढे चालणारा एक जण. हा पुढे चालणारा मनुष्य आपल्या साहित्यात जवळजवळ नाही. तो का नाही, आणि तो नसल्यामुळे आपल्या पक्षिलेखनाचे काय हरवले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्याच्यासाठी आपल्याकडे नेमका शब्दही नाही. ‘मार्गदर्शक’ हा शब्द प्रबंधाच्या पहिल्या पानावर गेला. ‘गाईड’ लेण्यांच्या दाराशी उभा असतो. ‘वाटाड्या’ वाट दाखवतो. पक्षी दाखवीलच असे नाही. म्हणून येथे साधा ‘दाखवणारा’ हा शब्द योजला आहे.

प्रस्तुत लेखक अकोल्याच्या जुन्या शहरात राहतो. मोर्णेच्या पश्चिम काठावरील ही वस्ती, असदगडाचे बुरूज, दहीहांडा वेस आणि राजराजेश्वराचे मंदिर यांच्या आसऱ्याने वाढलेली. हिवाळ्यातील काही रविवारी महाविद्यालयातील आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठाने अथवा पातूर मार्गावरील कापशी तलावाकडे जाण्याचा परिपाठ अनेक वर्षे चालू आहे. पुढील विवेचनाला या अनुभवाचा आधार आहे, आणि त्याची मर्यादाही आहे.

निर्देशाची भाषा

पक्षी दाखवणे ही प्रथमतः भाषेची कसोटी असते. “तो बघा” या दोन शब्दांत ‘तो’ कोणता हे केवळ बोट सांगते. बोट सरळ असते, झाड मात्र फांद्याफांद्यांचे असते. गटातील एकाला पक्षी दिसतो, दुसऱ्याला फांदी, तिसऱ्याला नुसतेच आकाश. मग सुरू होते ती खरी भाषा. कापशीच्या काठावर ती अशी ऐकू येते : “सर, मले नाई दिसून राह्यला.” “अरे, थ्या बाभयीच्या बेचक्यात पाय. सुकेल फांदी हाये ना, तिच्या खालतं.” “कोन्ती बाभय?” “जिच्याखाली थो बकरीवाला उभा हाये.” आणि मग एक दीर्घ श्वास. दिसला!

या संवादात वर्णन नाही, उपमा नाही, भावना तर नाहीच. आहे ती केवळ स्थाननिश्चिती. बाभूळ, बेचके, सुकलेली फांदी, बकऱ्या राखणारा मनुष्य अशा ओळखीच्या वस्तूंची साखळी गुंफत बोलणारा ऐकणाऱ्याचा डोळा हळूहळू हव्या त्या जागी नेऊन ठेवतो. यात एक समताही आहे. दाखवणाऱ्याला सतत समोरच्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. त्याला काय दिसत नाही याची कल्पना करावी लागते. स्वतःला दिसले यावर त्याचे काम संपत नाही. गटातला शेवटचा, बहुधा चष्मा लावणारा आणि संकोची मुलगा “हो, दिसला” असे खोटे म्हणतो, तेव्हा ते ओळखण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

सालिम अली यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाचे यश या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्यांनी आकार इंचांत सांगून भागवले नाही. चिमणी, बुलबुल, मैना, घार अशा नित्य परिचयाच्या पक्ष्यांना मापाचा दर्जा दिला. चिमणीहून मोठा, मैनेहून लहान, असे सांगितले की नवख्या माणसाच्या डोळ्याला आधार मिळतो. ते पुस्तक सोबत घेऊन चालणाऱ्याला कोणीतरी शेजारी उभे राहून बोलत आहे असे वाटते, त्याचे कारण हेच असावे.

एकांताची परंपरा

मराठीतील पक्षिलेखनाचा विचार मारुती चितमपल्ली यांच्यापासून सुरू करावा लागतो. वनाधिकारी म्हणून कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या या लेखकाने ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’ यांसारख्या पुस्तकांतून मराठीला एक नवे अनुभवक्षेत्र दिले. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ती या क्षेत्राला मिळालेली वाङ्मयीन मान्यताच होती. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाची थोरवी वादातीत आहे. म्हणूनच त्यातील एका उणिवेकडे निर्देश करणे अनुचित ठरू नये.

चितमपल्ली स्वतः कोणाकडून शिकले हे त्यांनी कधी लपवले नाही. नवेगावबांधचे माधवराव पाटील, तळ्यावरचे ढीवर, मेळघाटातले कोरकू, गोंड अशी दाखवणाऱ्यांची मालिका त्यांच्या लेखनात आहे. ही कृतज्ञता मराठीत दुर्मीळ आहे. परंतु त्यांच्या निवेदनात ज्ञान एका दिशेने वाहते. रानातला जाणता दाखवतो, लेखक पाहतो, आणि त्यानंतर वाचकापुढे लेखक एकटाच येतो. तो स्वतः दाखवणारा होतो तेव्हा पाहणारे नाहीसे झालेले असतात. ‘कुठे?’ असे विचारणारा मुलगा त्या पुस्तकांत नाही. त्यामुळे लेखकाला जे दिसले ते दिसेपर्यंतची धडपड, चुकलेली नजर, फसलेली ओळख यांना तेथे फारसा वाव उरत नाही. सर्व काही पाहून झालेले, निवळलेले असते.

शब्दांच्या बाबतीतही असाच एक ताण जाणवतो. बगळ्यांच्या सामुदायिक विणीच्या जागेला ‘सारंगागार’, कावळ्यांच्या तशाच जागेला ‘काकागार’ हे चितमपल्लींनी रूढ केलेले शब्द देखणे आहेत आणि परिभाषेची गरज भागवतात. तथापि तळ्याच्या काठावर हे शब्द उच्चारले की गटातील मुले पक्ष्यांऐवजी दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. ‘पक्षीकोशा’त जमा केलेल्या लोकभाषांतील नावांचे तसे होत नाही. ती नावे मुळातच कोणाला तरी काहीतरी दाखवताना जन्मलेली आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे तर उघडच एकांतवासाचे पुस्तक आहे. तेथे रेखाटने निर्देशाचे काम करतात, आणि फार चांगले करतात. किरण पुरंदरे यांचे उदाहरण अधिक बोलके वाटते. पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारे, मुलांच्या निसर्गशिबिरांत रमलेले हे लेखक महाराष्ट्राला दाखवणारे म्हणूनच ठाऊक आहेत. परंतु ‘सखा नागझिरा’ हे त्यांचे गाजलेले पुस्तक चारशे दिवसांच्या वनवासाचे आहे. शिबिरातल्या पोरांचे पुस्तक तेवढे गाजले नाही. हा दोष लेखकाचा म्हणावा की वाचकाचा? आपण वाचकांनी निसर्गलेखकाला ऋषीच्या आसनावर बसवले आहे. ऋषीभोवती शिष्य असतात खरे, पण त्यांनी शंका विचारलेल्या आपल्याला आवडत नाहीत.

स्थानपोथीचा धडा

मराठी गद्याला निर्देशाची भाषा मुळातच येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते वऱ्हाडात तरी टिकणार नाही. आपल्या भाषेतील आद्य गद्य ज्या रिद्धपूरच्या परिसराशी निगडित आहे, ते गद्य म्हणजे एका फिरत्या लहान गटाचीच हकीकत होय. ‘लीळाचरित्रा’त चक्रधर चालत असतात, मागे पाच-सात भक्तजन असतात. ते विचारतात, चुकतात, रुसतात, आणि म्हाइंभटाने ते सारे टिपलेले असते. पारध्यांनी पाठलाग केलेल्या सशाला स्वामींनी अभय दिल्याची लीळा सर्वपरिचित आहे. तेथेही नजरेत भरते ती माणसांच्या उभे राहण्याची आणि बोलण्याची नेमकी नोंद.

त्याहून महत्त्वाची ‘स्थानपोथी’. स्वामी जेथे बसले, उभे राहिले, निजले, त्या जागा दिशा देऊन, अमक्या देवळाच्या अमक्या अंगाला, अशा पद्धतीने सांगणारा हा ग्रंथ आहे. गुरू दिसेनासा झाल्यावर त्याची जागा तरी चुकू नये, ही त्यामागची तळमळ. हे गद्य अलंकृत नाही. वाचकाला उठून चालत तेथपर्यंत जाता यावे एवढाच त्याचा हेतू आहे. आधुनिक मराठी पक्षिलेखनाने आपले नाते भावकवितेशी जोडले, या वारशाशी जोडले नाही. असे जोडले असते तर ‘तळ्याकाठी एका वृक्षावर’ अशा वाक्यांवर आपले समाधान झाले नसते. कोणत्या काठी? कोणता वृक्ष? सकाळी ऊन कोणत्या बाजूने येते?

दोन्यानाची नामावळी

या प्रश्नाला एक बाहेरचा संदर्भही आहे. दक्षिण युरोपात पक्षी दाखवण्यासाठी लहान गट नेणे हा आज स्थिर व्यवसाय झालेला आहे. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातील गवताळ माळ, फ्रान्समधील कामार्ग, ग्रीसचे लेस्व्होस बेट येथे वसंतात असे गट उतरतात. या प्रकाराची वाङ्मयीन कुळकथा गाय माउंटफर्ट यांच्या १९५८ सालच्या ‘पोर्ट्रेट ऑफ ए विल्डरनेस’ या पुस्तकापाशी जाते. दक्षिण स्पेनमधील कोतो दोन्याना या दलदलीच्या व वाळूच्या प्रदेशात १९५२, १९५६ आणि १९५७ साली त्यांनी नेलेल्या मोहिमांची ही कथा. १९५७ च्या गटात ज्युलियन हक्सली, मॅक्स निकल्सन, रॉजर टोरी पीटरसन, छायाचित्रकार एरिक हॉस्किंग आणि फील्डमार्शल अॅलनब्रूक यांसारखी माणसे होती. माउंटफर्ट व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातले. एवढ्या तज्ज्ञांना एकत्र चालवणे ही त्यांची खरी करामत, आणि पुस्तकाला चव आहे ती या माणसांच्या एकत्र असण्याची.

परंतु आज ते पुस्तक ज्यांच्यामुळे लक्षात राहते ती नावे पाहुण्यांची आहेत. ज्या राखणदारांना त्या दलदलीतील वाटा ठाऊक होत्या, त्यांची नावे सामान्य वाचकाला सांगता येणार नाहीत. म्हणजे गट आला तरी दाखवणाऱ्यांमधली उतरंड राहतेच. मराठीत गट नाही आणि जाणता आहे. तिकडे गट आहे आणि जाणता धूसर आहे.

त्या पुस्तकाचे एक ऋण मात्र मान्य करावयास हवे. दोन्यानाचे नाव जगापुढे आले. स्पॅनिश जीवशास्त्रज्ञ होसे आंतोनियो वाल्व्हेर्दे यांच्या प्रयत्नांना बळ मिळाले. जागतिक वन्यजीव निधीच्या साहाय्याने जमीन विकत घेऊन १९६३ साली तेथे राखीव क्षेत्र झाले, आणि १९६९ साली राष्ट्रीय उद्यान. हेच माउंटफर्ट १९७२ मध्ये वाघांसाठी निधी उभारण्याच्या मोहिमेत अग्रभागी होते आणि त्या संदर्भात त्यांनी इंदिरा गांधींची भेट घेतली होती. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. दोन्यानाच्या चिखलातून निघालेली वाट अशी आडवळणाने सातपुड्यात येते.

एकच पक्षी, दोन याद्या

आजच्या गटसहलींची वृत्तान्ते वाचली की त्यांचा ठरीव साचा लक्षात येतो. दिवस, ठिकाण, हवामान, आणि मग यादी. यादी प्रामाणिक असते. ती भावविवश होत नाही हा तिचा गुण. पण ती पक्ष्याला त्या दिवसापुरताच ओळखते. उदाहरणार्थ काळ्या डोक्याचा भारीट. ग्रीस आणि बल्गेरियाकडे मे महिन्यात याचा पिवळ्या छातीचा नर कुंपणाच्या टोकावर बसून गातो, आणि पाहुण्यांच्या गटात आनंदीआनंद होतो. यादीत खूण होते. तोच भारीट हिवाळा काढतो तो जवळजवळ पूर्णपणे आपल्या पश्चिम व मध्य भारतात. ज्वारीच्या उभ्या कणसांवर त्याचे थवे उतरतात. आग्नेय युरोप आणि मध्य आशियाकडून येणाऱ्या भोरड्यांचेही तेच. ज्या पक्ष्यासाठी तिकडचा मनुष्य पैसे मोजून विमानाने येतो, त्याच पक्ष्यावर वऱ्हाडातल्या राखणदाराने मचाणावर उभे राहून गोफण फिरवली आहे.

आता गोफणही थांबली आहे, कारण राखावी अशी ज्वारी उरली नाही. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांनी शिवार भरले. प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्यांना भारीट दाखवण्यासाठी आधी ज्वारीचे शेत शोधावे लागते. एका वर्षी असे शेत सापडले तेव्हा त्याचा म्हातारा मालक म्हणाला, “पाखरं पाहाले आले? पहा बाप्पा. आमी त हाकलू हाकलू थकलो होतो.” त्याला पक्ष्याचे नाव विचारले तर तो हसला, त्याच्या लेखी ती सारी ‘पाखरंच’ होती. मात्र थवा कोणत्या बाजूने येईल, किती वाजता येईल आणि कोणत्या बोरीवर आधी बसेल हे त्याने बिनचूक सांगितले. नाव माहीत असणे आणि जागा माहीत असणे ही दोन भिन्न ज्ञाने आहेत. आपल्या पुस्तकांनी पहिल्यालाच ज्ञान म्हटले.

फाशाची जागा

जागेचे ज्ञान सर्वांत अधिक कोणाकडे होते? वऱ्हाडात याचे उत्तर फासेपारधी असे द्यावे लागेल. तणमोर हा माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी. पावसाळ्यात गवतात उभा असताना तो दिसत नाही. नर क्षणभर हवेत उंच उडी घेतो आणि पुन्हा गवतात बुडतो. एक्स्त्रेमादुरातील लहान माळढोकही विणीच्या काळात असाच उसळतो. उडी पाहून मग बोट दाखवणारा नेहमीच उशिरा पोहोचतो. ती कोठे होणार हे ज्याला आधी ठाऊक असेल तोच तणमोर दाखवू शकतो. फासा लावणाऱ्याला ते ठाऊक असते, कारण फासा म्हणजे गवतात मांडलेले भाकीतच.

याच समाजावर ब्रिटिश राजवटीने १८७१ च्या कायद्याची परंपरा लादून जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला तरी शिक्का गेला नाही. अलीकडच्या काळात अकोला व वाशीम जिल्ह्यांत फासेपारधी तरुणांनीच तणमोराच्या नोंदी आणि गवताच्या बीडांचे संरक्षण हाती घेतले, ही आपल्या प्रदेशातील फार मोठी घटना आहे. २०२१ साली तणमोराची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली, हे लक्षात घेता तिचे मोल आणखी वाढते. परंतु मराठी साहित्यात पारधी आजही शिकारकथेतले एक पात्र आहे. तो दाखवणारा होऊन, स्वतःच्या बोलीत, पाहणाऱ्यांच्या गटाला पुढे नेत आहे असे एकही गाजलेले मराठी पुस्तक प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. वर सांगितलेली सशाची लीळा आठवावी. तेथे पारधी शिकार सोडून निघून जातो. त्याने परत फिरून त्या गटाला रान दाखवावे, अशी लीळा अद्याप लिहिली गेलेली नाही.

ठिकाण सांगावे काय?

येथवर नेमक्या स्थाननिर्देशाची बाजू मांडली. आता तिच्या विरोधातला पुरावा द्यावयास हवा, आणि तो प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या चुकीचा आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्या शहरातच, एका पडक्या भिंतीच्या कोनाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी पिले वाढवीत होती. गटाला ती दाखवली. मुले इतकी हरखली की त्यातल्या एकाने टिपण लिहावयास घेतले आणि लेखकाने, शिक्षकाच्या सवयीने, ते अधिक नेमके करून दिले : कोणत्या वेशीकडून, कितवी गल्ली, भिंतीचे कोणते अंग. गद्य म्हणून ते निर्दोष होते, स्थानपोथीत शोभले असते. टिपण हातोहात फिरले. आठवडाभरात कॅमेरे आले, रात्री झोत पडू लागले. कोणी घुबड अशुभ म्हणून दगड मारले असेही कानावर आले. कोनाडा रिकामा झाला. पिलांचे काय झाले ते कळले नाही.

रानपिंगळ्याच्या बाबतीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा आहे. १८८४ नंतर खात्रीलायक नोंद नसलेला हा पक्षी १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर तो मेळघाटातही आढळला. तेव्हापासून ‘रानपिंगळा दाखवा’ ही दाखवणाऱ्याकडे हमखास होणारी मागणी आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवला तर तो पक्षी स्वतःची हद्द राखण्यासाठी उघड्यावर येतो. पाहणाऱ्यांचे समाधान होते आणि पक्ष्याची सकाळ भांडणात जाते, तेही नसलेल्या शत्रूशी.

तर मग माउंटफर्ट बरोबर की चूक? दोन्यानाचे नाव घेतल्याने दोन्याना वाचले. कोनाड्याचे नाव घेतल्याने कोनाडा गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत फरक आहे तो निर्देशाच्या पल्ल्याचा. प्रदेशाचे, तळ्याचे, माळाचे नाव मोठ्याने घ्यावे, कारण ज्याचे नाव कोणी घेत नाही त्या माळावर उद्या भूखंड पडतात. घरट्याचे नाव मात्र तोंडी राहावे, समोर उभ्या असलेल्या माणसापुरते, त्याचा चेहरा पाहून. लहान गटाचे आणि बोलल्या शब्दाचे महत्त्व येथे कळते. छापील वाक्याला समोर कोण उभे आहे हे दिसत नाही. चितमपल्लींच्या लेखनातील ज्या धूसरतेला वर उणीव म्हटले, तिच्यात वनाधिकाऱ्याचा सावधपणाही मिसळलेला असू शकेल, हे येथे मान्य करणे भाग आहे. पण मग ती धूसरता जागेपुरती असावी. माणसांबाबत ती का असावी? घरट्याचा पत्ता झाकला म्हणून तो दाखवणाऱ्या ढीवराचे, त्याच्या शेजारी उभ्या राहून न दिसलेल्या पोराचे बोलणे झाकण्याचे कारण नाही.

आमच्या गटाची एक वही आहे. दर फेरीनंतर त्यात एकाने लिहावयाचे असते. गेल्या हिवाळ्यातील एका पानावर मोर्णेच्या पात्रातील शेकाटे, धोबी, ढोकरी यांच्या नोंदी आहेत. मध्येच एका मुलीने वऱ्हाडीत लिहिले आहे की तिला खंड्या चौथ्यांदा सांगितल्यावर दिसला, आणि तो दाखवणारी सर नव्हते, पलीकडे धुणे धुणारी मावशी होती. तिने काय शब्द वापरले तेही टिपले आहे. त्याखाली घुबडाविषयी एक ओळ आहे. तिच्यातील ठिकाणाचे नाव खोडलेले आहे, इतके गच्च की कागद फाटला आहे.